न दिसलेली पानं: भागायचं ४७ ने, पण कुठपर्यंत?

प्रश्न थोडक्यात असा. पोकरचा टेक्सस होल्डेम हा प्रकार (प्रत्येकाला दोन बंद पानं, मध्ये टप्प्याटप्प्याने पाच सामाईक), नऊ जणांचं टेबल. हातात बदामची नव्वी आणि अठ्ठी. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन सामाईक पानांत, बदामचा राजा, बदामची चव्वी आणि इस्पिकची दुर्री. फ्लशला, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांना, आणखी एक बदाम हवा. तेरापैकी चार बदाम दिसले, नऊ उरले. पुस्तकी उत्तर म्हणतं, टर्नला, म्हणजे चौथ्या सामाईक पानाला, बदाम येण्याची शक्यता ९/४७, म्हणजे १९.१ टक्के. पण समोरच्या आठ जणांना सोळा पानं वाटून झाली आहेत, फ्लॉपआधी एक पान जळालंय (न दाखवता बाजूला गेलंय), टर्नआधी आणखी एक जळणार. नवांपैकी काही बदाम या अठरा पानांत बहुधा असणारच, आणि ते बोर्डावर (मधल्या सामाईक पानांत) येणं शक्यच नाही. मग ४७ ने भागणं चूक नाही का?

चूक नाही. पण "न दिसलेलं पान ते न दिसलेलं पान, विषय संपला" हे जे ठरलेलं उत्तर मिळतं, तेही अर्धंच आहे. ४७ तोवरच बरोबर आहे, जोवर त्या सोळा पानांबद्दल तुम्हाला काहीही कळलेलं नाही. पान कुठे पडलंय याला महत्त्व नाही. त्याच्याबद्दल काय कळलं याला आहे.

आधी पहिला अर्धा भाग मिटवू. न दिसलेली पानं ४७, त्यात बदाम नऊ. आठ जणांच्या सोळा पानांत सरासरी किती बदाम गेले असतील? ९ × १६ ÷ ४७, म्हणजे ३.०६. मग बाकीच्या ३१ पानांत (कॅट आणि फ्लॉपआधी जळालेलं पान धरून) सरासरी ५.९४ बदाम राहिले. ५.९४ ला ३१ ने भागा: ०.१९१५. आणि ९/४७ किती? तेही ०.१९१५. वरचा आकडा ज्या प्रमाणात घटतो, खालचाही त्याच प्रमाणात घटतो, म्हणून भागाकार जागचा हलत नाही. कधी सोळा पानांत सहा बदाम गेलेले असतील आणि तुमची शक्यता फार कमी असेल, कधी एकही गेलेला नसेल आणि ती बरीच जास्त असेल. पण यांतली कुठली वेळ आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि सगळ्या वेळा आपापल्या वजनाने एकत्र केल्या की १९.१५ च येतात.

सरासरीवर विश्वास बसत नसेल तर चार पानं घ्या, त्यात एकच बदाम. पिसा, दोन पानं शेजाऱ्याला उपडी द्या, दोन तुमच्यापुढे ठेवा. वरचं पान बदाम असण्याची शक्यता किती? निम्म्या वेळा बदाम शेजाऱ्याकडे गेला, तेव्हा शून्य. उरलेल्या निम्म्या वेळा तो तुमच्या दोन पानांत आहे, तेव्हा एकास दोन. मिळून पाव. शेजाऱ्याला पानं दिलीच नसती तरी चार पानांतलं वरचं पान बदाम असण्याची शक्यता पावच होती.

जळालेल्या पानाचंही हेच. डीलर जे पान बाजूला सारतो ते बदाम असू शकतं हे खरं, पण नऊ वेळा बदाम जळतो तिथे अडतीस वेळा बिनबदामाचं पान जळून बदामाला जागा करून देतो. जळणीचा शक्यतेशी संबंध नाही. वरच्या पानावर खूण असली किंवा कुणाला ते दिसलं असलं तर त्याचा फायदा उठू नये, एवढ्यासाठी ती पद्धत आहे.

इथे दोन उलट्या चुका होतात आणि दोन्ही पैसे खातात. पहिली: "तीन बदाम लोकांकडे गेले असतील, म्हणजे माझे सहाच उरले," असं म्हणून ६/४७ करणं. १२.८ टक्के. वरचा आकडा घटवला, खालचा तसाच ठेवला. समजा पॉट (मध्ये जमलेली रक्कम) ८०० चिप्सचा आहे आणि समोरच्याने २०० लावले. कॉल, म्हणजे तेवढेच लावून खेळात राहणं, २०० चा, जिंकायचे १,०००, म्हणजे पाचास एक भाव. ९/४७ ला ४.२२ ला एक पुरतो, म्हणून कॉल रास्त. बदाम आला की पॉट आपला, नाही आला की २०० गेले, असं तूर्त धरलं तर एका कॉलमागे सरासरी ३० चिप्स सुटतात. १२.८ टक्के मानणारा ६.८ ला एक भाव मागतो आणि पानं टाकून देतो.

दुसरी चूक याच्या उलट, आणि जास्त महागाची: "कॅटमध्ये तर तीसच पानं उरलीत," असं म्हणून ९/३०. तीस टक्के! तीस पानांत नऊच्या नऊ बदाम आहेत असं यात गृहीत धरलंय. अशा हिशोबाने ८०० च्या पॉटमध्ये समोरच्याच्या ६०० ला केलेला कॉल बरोबरीत सुटतो असं वाटतं. प्रत्यक्षात १,४०० जिंकण्यासाठी ६०० घालताना सरासरी २१७ चिप्स जातात.

टर्न आणि रिव्हर (पाचवं, शेवटचं सामाईक पान) अशी दोन पानं यायची असतील तर ४७ आणि मग ४६: १ − (३८/४७ × ३७/४६), म्हणजे ३४.९७ टक्के. टेबलावर एवढं कोणी करत नाही. आऊट (आपला हात बनवणारी उरलेली पानं, इथे नऊ बदाम) गुणिले चार, एकच पान बाकी असेल तर गुणिले दोन, एवढं पुरतं. फक्त चारची पट मोठ्या आकड्यांना फुगते. पंधरा आऊटना ती साठ सांगते, खरे ५४.१. आठच्या वर जितके आऊट तितके टक्के वजा केले की आकडा ठिकाणावर येतो.

याच जागी टीव्हीमुळे गोंधळ वाढतो. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ वर टेबलाखाली कॅमेरे लावून खेळाडूंची पानं दाखवायला सुरुवात झाली, आणि त्यानंतर पोकरच्या प्रक्षेपणात प्रत्येक हाताशेजारी टक्के झळकू लागले. ते टक्के तुमचे नसतात. नऊही जणांची अठरा पानं आणि फ्लॉपची तीन माहीत असली की न दिसलेली पानं ३१ उरतात. टाकलेल्या हातांत दोन बदाम गेले असतील तर पडद्यावर ७/३१, म्हणजे २२.६ टक्के. पाच गेले असतील तर ४/३१, म्हणजे १२.९. त्याच क्षणी खेळाडू मनात १९.१ धरून बसलेला असतो. तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण पाहणाऱ्यांची माहिती वेगळी आहे. "बघा, खरी शक्यता तेराच टक्के होती, कॉल चुकला" अशी टीका म्हणूनच निरर्थक. खेळाडूला जे माहीत नव्हतं त्यावरून त्याचा निर्णय तोलता येत नाही.

आता दिसलेल्या पानांकडे. वाटताना एक पान उलटलं आणि ते बदाम निघालं: आऊट आठ, न दिसलेली ४६, शक्यता १७.४. उलटलेलं पान बदाम नसेल तर ९/४६, म्हणजे १९.६. अशा वेळी वर आणि खाली दोन्हीकडे दुरुस्ती करायची हे लक्षात ठेवा. लोक वरचा आकडा बदलतात, खालचा विसरतात. फोल्ड केलेला (पानं टाकून गेलेला) शेजारी कानात सांगतो की त्याने दोन बदाम टाकले, तर ७/४५, म्हणजे १५.६. (हात चालू असताना असं सांगणं नियमाविरुद्ध आहे, ते वेगळं.)

पण पान चुकून दिसलं की कोणी निवडून दाखवलं, यात मोठा फरक आहे. कुणाच्या दोन पानांतलं एक वाटताना उलटलं आणि तो एक्का निघाला. दुसरंही एक्का असण्याची शक्यता ३/५१, म्हणजे सतरात एक. आता तोच खेळाडू स्वतःची दोन्ही पानं पाहतो आणि त्यात एक्का असला की न चुकता एक्काच दाखवतो. तुम्हाला तसाच एक एक्का दिसतो, पण दुसरा एक्का असण्याची शक्यता आता ६/१९८, म्हणजे तेहतिसात एक. निम्म्याच्या आसपास! कारण दोन पानांचे एकूण हात १,३२६, त्यात बिनएक्क्याचे १,१२८. निदान एक एक्का असलेले १९८, त्यात एक्क्यांची जोडी फक्त सहा. एक एक्का आणि एक फुटकळ पान असलेल्या हातात चुकून उलटलेलं पान निम्म्या वेळा फुटकळच निघालं असतं. निवडून दाखवणाऱ्याकडून मात्र प्रत्येक वेळी एक्काच दिसतो, त्यामुळे असे हात यादीत दुपटीने शिरतात. पान कोणतं दिसलं एवढं पुरत नाही. कोणत्या रीतीने दिसलं तेही हिशोबात येतं.

सेव्हन कार्ड स्टड या पोकरच्या प्रकारात हा सगळा मामला मुख्य खेळच बनतो, कारण तिथे प्रत्येकाच्या सात पानांपैकी चार उघडी वाटली जातात. पाचव्या पानापर्यंत तुमच्याकडे चार बदाम झालेत. समोर तिघे उरले आहेत, प्रत्येकाची तीन पानं उघडी, आणि तिसऱ्या पानावर चौघांनी टाकलेलं एकेक उघडं पान तुम्ही पाहिलेलं आहे. तुमची पाच धरून अठरा पानं माहीत, न दिसलेली ३४. त्या तेरा उघड्या पानांत एकच बदाम होता असं धरा: आऊट आठ, उरलेल्या दोन पानांत फ्लश होण्याची शक्यता ४२.१ टक्के. चार बदाम होते असं धरा: आऊट पाच, शक्यता २७.६. होल्डेमची सवय असलेला दोन्ही वेळा ३५ धरून चालतो, आणि स्टडमध्ये त्याचे पैसे तिथेच जातात. टाकलेली पानं डीलर उचलून नेतो, म्हणून ती त्याच वेळी लक्षात ठेवावी लागतात. सगळी ठेवायची गरज नाही. आपल्या रंगाची किती आणि आपल्या जोडीची किती, एवढं पुरे. अपेक्षेने तेरात अडीच बदाम दिसायला हवेत. दोन-तीन दिसले तर नेहमीचाच आकडा धरा, त्याहून फार कमी किंवा फार जास्त दिसले तरच निर्णय बदला.

"पान कुठे आहे याने फरक पडत नाही" याला एक खराखुरा अपवाद आहे, आणि तो नियमपुस्तिकेतूनच येतो. फ्लॉपनंतरची बोली पूर्ण व्हायच्या आधीच डीलरने घाईने टर्न उघडला. प्रचलित नियम असा: ते पान बाजूला ठेवायचं, बोली पूर्ण करायची, एक पान जाळून पुढचं पान, म्हणजे जे रिव्हर झालं असतं ते, टर्न म्हणून ठेवायचं. टर्नची बोली झाली की बाजूला ठेवलेलं पान कॅटमध्ये मिसळून पिसायचं आणि न जाळता रिव्हर द्यायचा. जाळलेली आणि टाकलेली पानं या पिसण्यात घेत नाहीत. नऊ जणांच्या टेबलावर या वेळी कॅटमध्ये २६ पानं असतात, ते पान धरून २७. बाकीच्या पानांचा पत्ता तुम्हाला ठाऊक नाही, पण हे एक पान कॅटमध्येच आहे हे पक्कं ठाऊक आहे. ते रिव्हरला येण्याची शक्यता १/२७, म्हणजे ३.७ टक्के. नेहमीच्या सवयीने १/४६, म्हणजे २.२, धराल तर चुकाल. ते पान बदाम असेल आणि टर्नला बदाम आला नसेल, तर रिव्हरला फ्लश होण्याची शक्यता १/२७ + (२६/२७ × ८/४५), मिळून २०.८ टक्के. ते बिनबदामाचं असेल तर २६/२७ × ९/४५, म्हणजे १९.३. नेहमीचा आकडा १९.६. फरक एका टक्क्याच्या आसपास आहे, फार नाही, पण तो कुठून येतो हे कळलं की सगळं प्रकरण कळलं. हा नियम सगळीकडे हुबेहूब सारखा असेलच असं नाही, म्हणून बसण्याआधी त्या जागेचा नियम विचारून घ्यावा.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग, जो टेबलावर जास्त उपयोगी पडतो. लोक पानं पाहून निर्णय घेतात, त्यामुळे त्यांचा प्रत्येक निर्णय त्यांच्या न दिसलेल्या पानांबद्दल काहीतरी सांगून जातो. तीन पत्ती खेळणाऱ्यांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही. ब्लाइंड चालणाऱ्याची तीन पानं तुमच्यासाठी खरोखरच कोणतीही तीन असतात, कारण त्याने स्वतःच ती पाहिलेली नाहीत. त्याच्या चालीतून पानं कळत नाहीत. पानं पाहून चाल लावणाऱ्याची पानं मात्र निवडून उरलेली आहेत. होल्डेममध्ये फ्लॉपपर्यंत टिकलेले सगळे असे पाहून खेळणारेच असतात, आणि पानं टाकून गेलेलेही पाहूनच गेलेले असतात.

आधी टाकून गेलेल्यांचं घेऊ. तुम्ही बटणावर (डीलरच्या खुणेच्या जागी), हातात दोन राजे. पुढच्या सहाही जणांनी पानं टाकली. मागे दोन ब्लाइंड, म्हणजे पानं वाटण्याआधीच सक्तीची रक्कम लावणारे दोघे, उरलेत. त्या दोघांपैकी कुणाकडे तरी निदान एक एक्का असण्याची शक्यता, काहीच माहिती नसेल तर, २९.१ टक्के. पण लोक एक्के सहजासहजी टाकत नाहीत. टोकाचं धरू, की एक्का आलेला कोणीच पानं टाकत नाही. मग टाकलेल्या बारा पानांत एकही एक्का नाही, चारही एक्के उरलेल्या ३८ पानांत आहेत, आणि तीच शक्यता ३७.२ वर जाते. फ्लॉपवर एक्का पडण्याची शक्यताही २२.६ वरून २९.१ होते. ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात पहिल्या जागांवरून एक्का-सत्ती, एक्का-छक्की असे बिनरंगी हात सर्रास टाकले जातात, त्यामुळे खरा आकडा या दोहोंच्या मधे, आणि बहुधा खालच्या बाजूला असतो. म्हणून सहा जण गेल्यावर ब्लाइंडकडे एक्का असण्याचा संशय थोडा वाढवा, पण राजे टाकायचं कारण यातून निघत नाही. या परिणामाबद्दल वाचून आलेले खेळाडू त्याला हवं त्यापेक्षा जास्त वजन देतात.

टिकून राहिलेल्यांचं वजन याहून कितीतरी जास्त. पुन्हा तेच नव्वी-अठ्ठी. समोरच्या एकाने फ्लॉपवर तुमची बेट कॉल केली. त्याच्याकडे दोन बदाम असण्याची शक्यता, काहीच माहीत नसेल तर, ३६/१०८१, म्हणजे ३.३ टक्के. दोन बदामांच्या फ्लॉपवर कॉल आल्यावर ती वाढणार हे उघड आहे. समजा तुम्ही ती २० टक्के धरली. मग त्याच्या हातात सरासरी ०.६६ बदाम निघतात, तुमचे ८.३४ उरतात, आणि टर्नला बदाम येण्याची शक्यता १९.१ वरून १८.५ वर येते. म्हणजे पान येण्याच्या शक्यतेत फारसा फरक नाही. खरा फरक त्या पानाच्या किमतीत आहे. त्या २० टक्क्यांतल्या बहुतेक वेळी त्याचा फ्लश तुमच्या नव्वीच्या फ्लशपेक्षा मोठा असेल, आणि बदाम आला की तुम्ही थोडं नाही, सगळं हराल. छोट्या फ्लश ड्रॉमध्ये (एक पान कमी असलेल्या फ्लशमध्ये) आऊट मोजण्याआधी हे पाहावं. हातात बदामचा एक्का असता तर हा परिच्छेद वाचायची गरज नव्हती.

आता समोरच्याने फ्लॉपवरच सगळं पुढे ढकललं. पॉट १,०००, त्याची बेट १,०००, तुमचा कॉल १,००० चा. बरोबरीत सुटायला ३३.३ टक्के हवेत. फ्लश होण्याची शक्यता ३४.९७, म्हणजे वरवर पाहता सरासरी ४९ चिप्सचा फायदा. पण हा आकडा फ्लश होण्याचा आहे, जिंकण्याचा नाही.

त्याच्याकडे किलवरचा राजा आणि चौकटची राणी धरा. मग न दिसलेली पानं ४५, टर्न-रिव्हरला येऊ शकणाऱ्या दोन पानांच्या जोड्या ९९०. निदान एक बदाम असलेल्या ३६०, त्यातल्या आठांत त्याचा फुल हाऊस (तिघाडी अधिक जोडी, फ्लशपेक्षा मोठा हात) होतो, राहिल्या ३५२. शिवाय नव्वी-अठ्ठीच्या दोन जोड्या किंवा तिघाडी होऊन आणखी १५. एकूण ३६७, म्हणजे ३७.१ टक्के. फ्लशच्या आकड्यापेक्षा जास्तच.

आता त्याच्याकडे इस्पिकची आणि चौकटची चव्वी धरा, म्हणजे चव्व्यांचा सेट (बोर्डावरची धरून तिघाडी). बदामची दुर्री आता आऊट नाही, कारण बोर्डावर दुर्रीची जोडी झाली की त्याचा फुल हाऊस होतो. आऊट आठ उरले. शिवाय आधी फ्लश होऊनही रिव्हरला बोर्डावर जोडी पडली की हरलात. मोजून पाहा: ४५ पानांतली सात त्याला फुल हाऊस किंवा चौघाडी देणारी, बाकी ३८. त्यांत चांगले बदाम आठ. निदान एक चांगला बदाम असलेल्या जोड्या २६८, त्यातून एकाच आकड्याची दोन पानं पडणाऱ्या २४ वजा, राहिल्या २४४. टक्के २४.६. एवढ्यावर कॉल केलात तर सरासरी २६० चिप्सचा तोटा.

म्हणजे नऊ बदाम आणि ४७ पानं यांत घुटमळत बसण्यापेक्षा, हा माणूस अशी बेट कोणत्या हातांनी करतो, हे ठरवणं महत्त्वाचं. आणि इथे दिसलेली पानं दुसऱ्या वाटेने उपयोगी पडतात. चार चव्व्यांपैकी एक बोर्डावर आहे, म्हणून चव्व्यांची जोडी सहाऐवजी तीनच प्रकारे येऊ शकते. दुर्रीचंही तसंच, तीन. राजा-राणी मात्र तीन राजे गुणिले चार राण्या, बारा प्रकारे. तो हे सगळे हात सारखेच खेळत असेल तर सेट सहा आणि एक जोडी बारा. ढोबळ सरासरी ३३ टक्के, म्हणजे कॉल काठावर. तो एका जोडीने कधीच असं ढकलणारा नसेल, तर निमूट पानं टाका.

हातातली पानं समोरच्याचे हात कसे कमी करतात याचा साधा तक्ता डोक्यात ठेवा. कोणतीही जोडी सहा प्रकारे. त्यातलं एक पान तुमच्याकडे असेल तर तीन, दोन असतील तर एक. एक्का-राजा सोळा प्रकारे. तुमच्याकडे एक एक्का असेल तर बारा, एक्का आणि राजा दोन्ही असतील तर नऊ. तुम्ही राजांची जोडी धरून बसला असाल तर एका ठरावीक माणसाकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता ६/१२२५, साधारण दोनशे चारात एक. आठ जणांपैकी कुणाकडे तरी असण्याची ३.९ टक्के. तुमच्या हातात एक्का-राजा असेल तर सहाच्या जागी तीन येतात आणि शक्यता निम्मी होते.

ओमाहा या पोकरच्या प्रकारात स्वतःची पानं चार, म्हणून फ्लॉपनंतर न दिसलेली ४५. तिथली नेहमीची चूक म्हणजे हातात तीन बदाम आले की खूश होणं. हातातली दोनच वापरता येतात. तिसरा बदाम हा तुमचाच एक आऊट आहे, जो तुम्हीच अडवून बसला आहात: बोर्डावर दोन बदाम असताना ९/४५ ऐवजी ८/४५, म्हणजे २० ऐवजी १७.८.

सगळे पैसे मध्ये गेल्यावर रिव्हर दोनदा वाटायचं ठरलं, तर दुसऱ्या वेळी शक्यता कमी होते का, असंही विचारलं जातं. पहिला रिव्हर दिसण्याआधी दोन्ही वेळा ती ९/४६ च आहे. दुसरं पान कॅटमध्ये एक घर खाली आहे, एवढंच. दोन्ही वेळा बदाम ३.५ टक्के, एकदाच ३२.२, एकदाही नाही ६४.३. सरासरी वाटा तोच १९.६ टक्के. बदलते ती फक्त चढउतार. पहिला रिव्हर बदाम निघाला हे पाहिल्यावर मात्र दुसऱ्याची शक्यता ८/४५ होते, कारण आता तुम्हाला काहीतरी कळलेलं आहे.

पडताळा घ्यायचा तर शक्यता काढणाऱ्या बहुतेक प्रोग्राममध्ये मृत (आता येऊच न शकणाऱ्या) पानांसाठी एक खण असतो. त्यात फक्त प्रत्यक्ष दिसलेली पानं भरा. "तीन बदाम गेले असावेत" म्हणून अंदाजाने तीन बदाम भरले की वर सांगितलेली पहिली चूकच तुम्ही यंत्राकडून करून घेता. समोरच्याबद्दलचा अंदाज त्याच्या रेंजच्या (संभाव्य हातांच्या) खणात भरायचा, मृत पानांच्या नाही. हाताने करून पाहायचं असेल तर ४७ पानं घ्या, त्यात नऊ बदाम. दरवेळी नीट पिसून सोळा उपडी वाटा, दोन जाळा, पुढचं पान उघडा. पण शंभर वेळा करून निकाल लावू नका. शंभरात सहज चार टक्के इकडेतिकडे होतात, आणि १९ आणि १३ यांतलं अंतर सहाच टक्क्यांचं आहे. चारशे वेळा केलंत तर चढउतार दोन टक्क्यांवर येतो, आणि मग आकडा १९ भोवती घुटमळताना स्पष्ट दिसतो.